आधी तार, मग गाडी

अरे, तुमची इलेक्ट्रिक टिगोर देऊन तिच्याहून मोठी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं तुमच्या मनात आहे, हे ताईकडून, म्हणजे तुझ्या आईकडून, कळलं. विचार चांगला आहे. घरात माणसं वाढली, ताईचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि सणासुदीला पुण्याहून चिपळूणला जाणं चुकत नाही. सेडान अपुरी पडणारच. माझी उभी नोकरी वीज मंडळात गेली, त्यामुळे गाडी बघितली की माझं लक्ष आधी ती ज्या तारेवर चार्ज होणार त्या तारेकडे जातं. म्हणून शोरूममधल्या घाईत जे सांगायचं राहून जाईल, तेवढं सांगतो. गाडी एक पायरी मोठी झाली की तिच्याभोवतीचं सगळंच एक पायरी मोठं लागतं. तार, मीटर, पार्किंग, टायर, विमा, सगळं. ते आधी मोज आणि बुकिंगचे पैसे त्यानंतर भर.

पहिली परीक्षा ताईची. टेस्ट ड्राइव्हला तू पुढे बसशील, सूनबाई शेजारी बसतील आणि ताई घरी राहील, असं होऊ देऊ नकोस. तिला मागच्या सीटवर बसव. बॅटरी पायाखाली असल्यामुळे या गाड्यांचा मागचा तळ उंच येतो, गुडघे वर उचलले जातात आणि मांडी सीटवर नीट टेकत नाही. पाच मिनिटांच्या चकरेत हे कळत नाही, अर्ध्या तासाने कंबर सांगते. टाटाच्या कर्व्हसारख्या गाडीचं छत मागे उतरतं आहे, तेव्हा आत शिरताना मान किती वाकवावी लागते तेही बघ. ताईने नेहमीची चप्पल घालून, हातात पिशवी घेऊन, कोणाचा हात न धरता चढावं आणि उतरावं. ते तिला सोपं गेलं तर गाडी निम्मी पसंत समज.

डिकीचंही तसंच. टिगोरमध्ये स्टेपनी डिकीतच बसते, त्यामुळे ३१६ लिटर कागदावर राहतात आणि आंब्याच्या पेट्या मांडीवर येतात. कर्व्हची डिकी ५०० लिटरची आहे. पण कुठलीही गाडी बघ, तिच्यात स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हे तळाचं झाकण उचलून स्वतः बघ. घाटात बाजूने फाटलेला टायर किटने जुळत नाही.

आता पार्किंग. टिगोरची रुंदी १६७७ मिलिमीटर, कर्व्हची १८१०. म्हणजे सव्वापाच इंच जास्त, आरसे वेगळे. महिंद्राची एक्सईव्ही ९ई बघत असशील तर ती १९०७, म्हणजे आणखी जवळजवळ चार इंच. तुमच्या सोसायटीत दोन खांबांमध्ये दोन गाड्या लागतात हे मी पाहिलं आहे. खडूने जमिनीवर नव्या गाडीचा चौकोन आख, शेजाऱ्यांची गाडी जागेवर असताना आख, आणि त्या चौकोनाच्या कडेला उभं राहून दार उघडल्यासारखं करून बघ. ताईला उतरायला जागा उरली नाही तर तिला रोज गाडी लावण्याआधी बाहेर उन्हापावसात उतरवावं लागेल. चार्जिंगचं तोंड गाडीच्या कोणत्या बाजूला येतं तेही तिथेच ठरव, नाहीतर केबल रोज शेजाऱ्यांच्या वाटेत आडवी पडेल.

आता माझा विषय. टिगोरची बॅटरी २६ युनिटांची. पंधरा अँपिअरच्या प्लगवर तिला रात्र पुरते. कर्व्हची मोठी बॅटरी ५५ युनिटांची, ती रिकामीची भरायला त्याच प्लगवर एक रात्र पुरणार नाही. हे ऐकलं की माणूस लगेच ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर लावायला निघतो. थांब. तुझं रोजचं धावणं पन्नासेक किलोमीटर धरलं तर गाडीला रात्री आठेक युनिट लागतील. तेवढी वीज जुन्या प्लगवरही तीन तासांत जाते. बॅटरी मोठी झाली म्हणून रोजची तहान वाढत नाही. तेव्हा पहिले काही आठवडे जुन्याच प्लगवर काढून बघ आणि खरंच अडतं का ते ठरव.

मात्र तो जुना प्लग धडधाकट हवा. टिगोर इतकी वर्षं त्याच्यावर चार्ज झाली आहे. चार्जिंग सुरू होऊन तास झाला की प्लगच्या टोपणावर हाताची पालथी बाजू टेकव. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नाही इतकं गरम असेल, पिनेच्या भोकांभोवती प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल, किंवा प्लग घालताना तो सैल जात असेल, तर त्या दिवसापासून चार्जिंग बंद. सॉकेट बदल, आणि बदलताना मागची तार उघडून बघ. जुन्या इमारतीत मध्येच कुठेतरी पट्टी गुंडाळून जोड दिलेला सापडतो. आग लागते ती अशा जोडात लागते. गीझर दहा मिनिटं चालतो म्हणून तो जोड तग धरतो, गाडी मात्र तासन्‌तास भरपूर करंट ओढते.

वॉल चार्जर लावायचाच ठरला, तर एक सूत्र पाठ कर. करंट दुप्पट झाला की त्याच तारेत उष्णता चौपट होते. पंधरा अँपिअरच्या जुन्या तारेवर या चार्जरचे बत्तीस अँपिअर चालवायचे नाहीत, कोणी कितीही "चालतं साहेब" म्हणालं तरी. मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तार ओढायची, तांब्याची, किमान सहा स्क्वेअर एमएमची, आणि अंतर जास्त असेल तर दहाची. मध्ये जोड नको. स्वतःचा एमसीबी, गळती पकडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि खरं अर्थिंग. खरं म्हणतो, कारण सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. वायरमनला समोर मोजायला लाव, आकडा कागदावर लिहून घे.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो बघ. सकाळी गीझर, रात्री एसी, आणि वर ७.२ किलोवॅटचा चार्जर, ही बेरीज जुन्या सिंगल फेजच्या मंजुरीत सहसा बसत नाही. भार वाढवून घे किंवा गाडीसाठी वेगळं मीटर माग. वेगळ्या मीटरचा आणखी एक फायदा आहे. घरगुती दरात ३०० युनिटांची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर बराच चढतो, आणि महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर फिरणारी गाडी घराला त्या पायरीवर सहज नेऊन ठेवते. दोन्ही हिशेब मांडून बघ. सोसायटीची परवानगी लेखी घे. सभासदांना भीती वाटत असेल तर त्यांना तार, एमसीबी आणि अर्थिंगचा कागद दाखव. त्यांची काळजी रास्त आहे.

रेंजचं बोलतो. कर्व्ह बाजारात आली तेव्हा कर्व्ह ५५ ची चाचणीतली रेंज ५८५ किलोमीटर सांगितली होती, आणि कंपनी स्वतःच प्रत्यक्ष वापरात ४०० ते ४२५ सांगते. हायवेला त्याहूनही कमी धरून निघालास तर वाटेत घाम फुटणार नाही. उंच आणि रुंद गाडी हवा जास्त अडवते. ताशी ८० वरून ११० वर गेलास की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून बॅटरी दुप्पट झाली तरी किलोमीटर दुप्पट होतातच असं नाही.

चिपळूणचा रस्ता या हिशेबात फार शिकवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, चिपळूण जवळपास समुद्राच्या पातळीला. जाताना खंबाटकी चढतोस खरा, पण एकूण हिशेब उताराचा, आणि कुंभार्ली घाट उतरताना मोटर वीज परत बॅटरीत टाकते. त्यामुळे पोचल्यावर आकडा बघून माणूस खूश होतो आणि परतीलाही तेवढीच वीज लागेल असं धरून बसतो. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायला नुसत्या उंचीपोटीच तीन युनिट लागतात, म्हणजे वीसेक किलोमीटरची वीज. ती परतीत सुरुवातीलाच खर्च होते. चिपळूणला घरी आदल्या रात्री प्लग लावून ठेव, आणि तिथल्या प्लगलाही तोच पालथ्या हाताचा नियम लाव.

घाटाचं आणखी एक. महाबळेश्वर-पाचगणीला मुक्काम केलास तर सकाळी १०० टक्के भरून थेट घाट उतरू नकोस. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, त्यामुळे पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मोठ्या गाडीचं वजन जास्त, म्हणून हे तिथे जास्त जाणवतं. उतार असेल तर ८०-८५ वर थांब. एरवी मात्र महिन्यातून दोन-तीनदा पूर्ण भरत जा. तुझ्या टिगोरची काय आणि कर्व्हची काय, बॅटरी एलएफपी आहे. तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) भरताना-उतरताना फारसा हलत नाही, त्यामुळे पूर्ण भरल्याशिवाय किती वीज शिल्लक आहे याचा अंदाज चुकायला लागतो.

उंच गाडी मिळाली की पाण्यात घालायचा मोह होतो. तू तो टाळ. आयपी६७ म्हणजे बॅटरीचा डबा एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास टिकतो, प्रयोगशाळेत. वाहतं पाणी, दगड, आणि वर्षानुवर्षं झिजलेलं रबर त्यात धरलेलं नाही. चिपळूणने २२ जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे, तिथल्या घरातल्या माणसाला हे जास्त सांगायला नको. गाडी बुडाली असेल तर ती सुरू करून बघायची नाही, ढकलून बाहेर काढायची. विम्यात बॅटरीचं वेगळं संरक्षण घ्यायचं ते यासाठीच.

विम्यावरून आठवलं, त्याचा हप्ताही वाढेल. थर्ड पार्टीचा दर मोटरच्या किलोवॅटवर ठरतो. टिगोरची मोटर ५५ किलोवॅटची, म्हणजे ३० ते ६५ च्या गटात, २०२२ च्या दरपत्रकात २९०४ रुपये. कर्व्ह ५५ ची १२३ किलोवॅटची, ती ६५ च्या वरच्या गटात जाते, ६७१२ रुपये. पण तुझा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुझा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तो राखून ठेवल्याचं पत्र घे आणि नव्या पॉलिसीला लाव. लोक हे विसरतात आणि ओन डॅमेजच्या हप्त्यातली ५० टक्क्यांपर्यंतची सूट सोडून देतात.

टिगोरच्या किमतीचं बोलताना डीलरला तीन आकडे वेगवेगळ्या ओळींवर लिहायला सांग: जुन्या गाडीचे किती, एक्स्चेंज बोनस किती, नव्या गाडीवर सूट किती. एकत्र सांगितलेला आकडा नेहमी मोठा वाटतो. डीलर जुनी गाडी पुढे विकतो तेव्हा त्याला नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी पडतो, २०२५ पासून इलेक्ट्रिक गाडीलाही तोच दर. तू ओळखीच्या माणसाला थेट विकलीस तर हा कर लागत नाही. गावात फिरणाऱ्या डॉक्टर-मास्तरांना २६ युनिटांची गाडी पुरून उरते, असं गिऱ्हाईक आधी शोध. त्याला सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट काढून दे. टिगोरच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. तुझी २०२१ ची, म्हणजे २०२९ पर्यंतची मुदत शिल्लक आहे. ती दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर मिळते ते लेखी विचार. नव्या गाडीचीही तीच चौकशी कर, कारण पहिल्या आणि दुसऱ्या मालकाच्या अटी पुष्कळदा वेगळ्या असतात.

जुनं कर्ज अजून चालू असेल तर ते फेडण्याआधी सीएला विचार. ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावर ८०ईईबीखाली व्याजाची दीड लाखापर्यंत वजावट आहे, जुन्या करपद्धतीत. नव्या कर्जाला ती नाही.

आणि आर.सी.चं मनावर घे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली म्हणजे सुटलो असं होत नाही. कागदावर नाव तुझं आहे तोवर अपघाताची जबाबदारी तुझ्याकडे येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी लाव. जुना फास्टॅग बंद कर. मोबाइलच्या ॲपमधून टिगोर काढून टाक, नाहीतर दुसऱ्याची गाडी कुठे उभी आहे ते तुला दिसत राहील, आणि ते बरं नाही. नवी गाडी दारात येईपर्यंत जुनी सोडू नकोस. डिलिव्हरीची तारीख पुढे जाते आणि मग ताईला दवाखान्यात न्यायला रिक्षा शोधत बसावं लागतं.

तूर्तास एवढं कर. या महिन्याच्या बिलावरच्या मंजूर भाराचा फोटो पाठव आणि मीटरपासून तुझ्या पार्किंगपर्यंत किती मीटर होतात ते टेप लावून कळव. तारेचं माप मी काढून देतो, वायरमनशीही मीच बोलतो.