बियाण्याचा नारळ कुठल्या माडाचा?
(नारळ रोपवाटिका करू इच्छिणाऱ्या गटांसाठी पाठ)



आपल्या भागातल्या काही गटांनी अंतर्गत कर्ज घेऊन नारळाची रोपवाटिका करायचं ठरवलं आहे. बैठकांमध्ये शेडनेट, खत, पिशव्या, पाणी यावर भरपूर बोलणं होतं. पण बियाण्याचा विषय निघाला की दोन मिनिटांत संपतो. "बाजारातून मोठेमोठे नारळ निवडून आणू," नाहीतर "आमच्या न्हाणीजवळच्या माडाचे घ्या, लगडलेला असतो." म्हणून या अंकातला पाठ फक्त बियाण्यावर आहे.

आधी एक हिशोब करू. एक माड वर्षाला ४० नारळ देतो आणि दुसरा ८०. दोघांना जागा तेवढीच लागते, खत-पाणी तेवढंच आणि पाडणाऱ्याची मजुरीही तेवढीच. फरक वर्षाला ४० नारळांचा. माड ५० वर्षं उत्पन्न देतो असं धरलं, तर एका झाडामागे २००० नारळांचा फरक पडतो. तो ठरतो रोप निवडताना, आणि कळतो सहा-सात वर्षांनी, माड धरायला लागल्यावर. भात चुकलं तर पुढच्या वर्षी बी बदलता येतं. माड चुकला तर तो आपल्या सुनेच्या वाट्याला जातो.

माडाचं कलम होत नाही

हापूसचं झाड चांगलं निघालं तर त्याची काडी घेऊन आपण कलम बांधतो. नवं झाड आईसारखंच होतं. माडाला फांद्या नाहीत, डोळे नाहीत. शेंड्याला एकच कोंब असतो, तो गेला की माड गेला. त्यामुळे आपल्यासारख्यांना रोप करायचं तर नारळापासूनच करावं लागतं.

आणि नारळ म्हणजे बी. बी म्हटलं की आई आली तसा बापही आला. आपल्याकडचे उंच माड बहुतेक परपरागी असतात. पोय फुटली की आधी नरफुलं उमलतात. ती दोन-तीन आठवड्यांत संपतात, आणि मग त्याच पोयीतली मादीफुलं तयार होतात. म्हणजे त्यांना पराग बहुतेक वेळा दुसऱ्याच माडाचा, वाऱ्यावरून किंवा मधमाश्यांकडून आलेला मिळतो. आई आपल्याला दिसते, बाप दिसत नाही. म्हणून एकट्या आडबाजूच्या चांगल्या माडापेक्षा ज्या बागेत बहुतेक माड चांगले आहेत, त्या बागेतला चांगला माड निवडावा. तिथे बापही चांगला असण्याची शक्यता जास्त.

ठेंगण्या जातींचं उलट असतं. त्यांची नर आणि मादीफुलं बरीचशी एकाच वेळी उमलतात, त्यामुळे त्या बहुतांशी स्वपरागी असतात. तीन-चार वर्षांत धरतात, पण नाजूक असतात आणि आयुष्यही कमी. चौघाट ऑरेंज डॉर्फ ही केशरी नारळाची जात शहाळ्यासाठी चांगली. खोबऱ्यासाठी आणि घरच्या वापरासाठी उंच जात बरी.

न्हाणीजवळच्या माडाला का घ्यायचं नाही?

हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. "लगडलेला माड, तरी नको म्हणता?"

ताई, तो माड रोज न्हाणीचं पाणी पितो. गोठ्याजवळच्याला शेण मिळतं, उकिरड्याजवळच्याला वर्षभर खत. तो लगडतो तो जातीने चांगला म्हणून, की सुखात वाढला म्हणून, हे आपल्याला कसं कळणार? बी घेतलं की जात पुढे जाते, न्हाणीचं पाणी पुढे जात नाही. त्याचं रोप दुसरीने कातळाजवळच्या जागेत लावलं की माड साधाच निघायचा. म्हणून विहीर, न्हाणी, गोठा, खतखड्डा यांच्याजवळचे माड सोडून द्या. बागेत सगळ्यांसारखं खातपीत असूनही जो सगळ्यांपेक्षा जास्त देतो, तो आपला आई माड. कृषी खात्याच्या पुस्तिकेत त्याला मातृवृक्ष म्हणतात.

आई माडाची परीक्षा

वय : साधारण २५ ते ६०. त्याहून तरुण माडाची खात्री झालेली नसते, म्हाताऱ्या माडाचा जोर कमी झालेला असतो.

उत्पन्न : पावसाच्या पाण्यावर वर्षाला निदान ८० नारळ, पाणी दिलं जात असेल तर १०० च्या वर. आणि दरवर्षी. एक वर्ष लगडतो आणि एक वर्ष रुसतो, असा माड नको.

झावळ्या : पूर्ण उघडलेल्या निदान ३०. देठ आखूड, बुंध्याशी रुंद आणि खोडाला घट्ट. शेंडा छत्रीसारखा गोल भरलेला. लांब देठाच्या, खाली लोंबणाऱ्या झावळ्यांचा माड घड पेलत नाही.

घड : निदान १२. घडाचा दांडा आखूड आणि जाड, झावळीच्या देठावर टेकलेला.

नारळ : मध्यम आकाराचा, गोलसर. सोललेला नारळ ६०० ग्रॅमच्या वर आणि सुकं खोबरं एका नारळाला १५० ग्रॅमच्या वर भरलं पाहिजे. फक्त मोठा नारळ बघू नका. फार मोठा नारळ देणारा माड बरेचदा संख्येने कमी देतो. सोलल्यावर सगळी सोडणंच निघतात आणि आत नारळ एवढासा, असंही होतं.

तब्येत : रोग नाही, वांझ नारळ नाहीत, कोवळी फळं फार गळत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, वर्षाला किती नारळ दिले हे कुणी लिहून ठेवलंय? माड स्वतःच ते अंगावर लिहून ठेवतो. चांगल्या माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळ येते आणि तिच्या बगलेतून एक पोय. फुलापासून नारळ पिकायला जवळजवळ वर्ष लागतं. म्हणजे आज माडावर नुकत्या फुटलेल्या पोयीपासून पिकलेल्या घडापर्यंत जे दिसतं, तो एका वर्षाचा जमाखर्च आहे. खाली उभ्या राहा, घड मोजा. मुठीएवढी झालेली आणि त्याहून मोठी फळं मोजा, लहान धरू नका, त्यातली बरीच गळतात. मधेच दोन-तीन झावळ्यांना घडच नसेल तर त्या महिन्यांत माड उपाशी राहिला किंवा त्याने दगा दिला असं समजा.

शिवाय पाडणी झाली की नारळ मोजून रचायचं काम बहुतेक घरांत आपणच करतो. मग माडांना चुन्याने नंबर घाला आणि वहीत लिहा : तारीख, माड नंबर, किती नारळ. दोन वर्षांत कुठला माड खरा आणि कुठला फक्त दिसायला, हे कळेल. ज्यांच्या हातात ही वही असेल, त्यांना बागेबद्दल बोलायचा अधिकार आपोआप येतो. पाणी आपण घालायचं आणि माडाचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, हे थोडं तरी बदलेल.

मोठ्या शास्त्रज्ञांनीही हेच केलं

ही निवड म्हणजे अडाणी काम नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. 'प्रताप' ही जात तिथून आली. ती कुठून बाहेरून आणलेली नाही, आपल्या किनाऱ्यावरच्या बाणावली प्रकारातून निवडत निवडत काढलेली आहे. बाणावली हे गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या गावाचं नाव.

दुसरी वाट संकराची. उंच आणि ठेंगू माडांचा संकर केला तर रोप जोमदार येतं आणि लवकर धरतं, हे भारतात १९३० च्या दशकात केरळमधल्या निलेश्वर येथे दिसून आलं. टी × डी म्हणजे उंच आई आणि ठेंगणा बाप. डी × टी म्हणजे ठेंगणी आई आणि उंच बाप. उंच आईवर संकर करायचा तर माणूस माडावर चढतो, पोयीतली नरफुलं काढून टाकतो, पोयीला पिशवी बांधतो, मादीफुलं तयार झाली की दुसऱ्या माडाचा पराग आठवडाभर रोज जाऊन घालतो. मग वर्षभर थांबायचं. म्हणून खरं संकरित रोप महाग असतं आणि लवकर मिळत नाही. टेम्पोतून कुणी "टी डी, टी डी" ओरडत स्वस्तात विकत असेल तर विचारा : कुठल्या रोपवाटिकेचं? पावती द्याल?

आणि हे पक्कं लक्षात ठेवा : संकरित माडाचे नारळ बियाण्याला घेऊ नका. त्याची लेकरं एकसारखी निघत नाहीत. काही उंच, काही ठेंगू, काही लवकर, काही उशिरा. संकरित माडाचे नारळ खायचे, विकायचे, पुरायचे नाहीत.

नारळ काढणं आणि वाफ्यात लावणं

बियाण्याचा नारळ ११ ते १२ महिन्यांचा, पूर्ण पिकलेला हवा. हलवला की पाणी वाजलं पाहिजे. माड उंच असेल किंवा खाली जमीन कठीण असेल तर घड दोराने उतरवायला सांगा. पाडणाऱ्या दादांना दोन पैसे जास्त लागतील, ते बियाण्याच्या खर्चात धरा. सोडण काढायचं नाही. सावलीत, देठाची बाजू वर करून, वाळूत झाकून महिना-दोन महिने ठेवा. पाणी आटलेले, कुजलेले बाजूला काढा.

पावसाच्या तोंडाला वाफ्यात लावा. वाफा उंच, पाणी न साचणारा. दोन नारळांत साधारण एक फूट अंतर. नारळ उभा किंवा आडवा लावा आणि माती अशी ओढा की वरचं थोडं सोडण दिसत राहील. पाऊस संपला की पाणी, सावली आणि वाळवीवर लक्ष.

एक काम विसरू नका. प्रत्येक आई माडाचे नारळ वेगळ्या ओळीत लावा आणि ओळीला माडाचा नंबर द्या. एखाद्या ओळीत जवळजवळ सगळी रोपं जोमदार, आणि शेजारच्या ओळीत निम्मी रडकी, असं दिसेल. दोन्ही माड वर सारखेच लगडलेले असले तरी गुण लेकरांत उतरवणारा कुठला, हे ओळ सांगते. पुढच्या वर्षी त्याच माडाचे नारळ घ्या.

खरी परीक्षा : टाकून देणं

उंच जातीचे कोंब साधारण अडीच ते पाच महिन्यांत येतात. सहा महिन्यांत कोंब नाही आला तर तो नारळ उपटून काढा. जे आधी उगवतात ते सहसा पुढेही जोमदार राहतात आणि लवकर धरतात. म्हणून उगवल्याची तारीख लिहा.

वर्षाच्या रोपाला निदान सहा पानं हवीत आणि बुंध्याचा घेर १० सें.मी. हवा. शिवणकामाच्या टेपने मोजा. पानं लवकर फाटून झावळीसारखी दिसायला लागणं हे चांगलं लक्षण. उंच, बारीक, पिवळट, वाकडं रोप नको.

केशरी ठेंगण्या माडाचे नारळ लावले असतील तर देठाचा रंग बघा. केशरी देठ म्हणजे रोप आईच्याच जातीचं. तपकिरी किंवा हिरवट देठ म्हणजे दुसऱ्या माडाचा पराग बसलेला आहे. शेजारी उंच माड असतील तर ते बहुधा नैसर्गिक संकर असतं. दोन्ही वेगळी ठेवा आणि गिऱ्हाइकाला सांगून द्या.

अशी निवड केली की १०० नारळांतून विकण्याजोगी ६०-६५ रोपं राहतात. इथेच गटाची कसोटी लागते. बाकीच्यांवरही खर्च झालेला असतो, कर्जाचा हप्ता असतो आणि कुणीतरी म्हणतं, "देऊन टाकू गं, कुणाला कळतंय?" सात वर्षं कुणाला कळणार नाही, हे खरं. पण घेणारी कोण असते? पलीकडच्या वाडीतली आपल्यासारखीच ताई, जिच्याकडे तीन माडांपुरती जागा आहे. तिने त्यातली एक जागा आपल्या भरवशावर दिलेली असते. म्हणून दर ठरवतानाच १०० नारळांचा सगळा खर्च ६० रोपांवर वाटा. मग टाकताना हात अडखळणार नाही. टाकलेल्या रोपाच्या नारळातला गोड गोळा मुलं आवडीने खातात, सोडण आच्छादनाला जातं.

विक्रीसाठी रोपवाटिका करताना परवान्याचं आधी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

पुढच्या मासिक सभेपर्यंत

१. प्रत्येकीने आपल्या किंवा शेजारच्या बागेतले तीन माड निवडून घड आणि झावळ्या मोजून याव्यात.
२. त्यातला न्हाणी-गोठ्याजवळचा कुठला, हे स्वतःच खोडावं.
३. निवडलेल्या माडाचा एक पिकलेला नारळ सोलून वजन करून आणावा. गटाचा काटा आहेच.
४. सभेत चर्चा : टाकाऊ रोप विकायचं नाही, असा ठराव आपण लिहून घेणार का? अध्यक्ष-सचिवांनी तो इतिवृत्तात नोंदवावा.

मोजणीची वही घेऊन या. मी सभेला येईन तेव्हा आपण ती एकत्र बसून बघू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक