स्मृती हरपते तेव्हा

सोलापूरची नवी पेठ ही गजबजलेली बाजारपेठ आहे. तेथे जन्म काढलेल्या माणसाला डोळे मिटूनही घराची वाट सापडेल, असे आपणांस वाटते. परंतु मुलांनो, अशी कल्पना करा, की एक वृद्ध आजोबा याच पेठेतील एका चौकात थबकून उभे आहेत. दुकाने ओळखीची वाटतात. पण घराकडे कोठे वळावयाचे, हे आठवत नाही. ते भांबावून जातात. ज्या विकारात अशी स्थिती होते, त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात.

हे वेड नव्हे, की नुसता विसरभोळेपणाही नव्हे. चष्मा कोठे ठेवला, हे कोणीही विसरतो. चष्मा कशासाठी असतो, हेच न समजणे निराळे. मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट झाल्यामुळे असे होते. याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी सर्वांत अधिक आढळणारा आजार आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यांच्या नावाने ओळखला जातो. एका स्त्रीच्या मेंदूत झालेले बदल त्यांनी १९०६ साली विद्वानांपुढे मांडले. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

या आजारात नव्या आठवणी साठविणारा मेंदूचा भाग बहुधा आरंभीच दुबळा होतो. त्यामुळे सकाळचे जेवण आठवत नाही, पण तरुणपण लख्ख आठवते. सोलापूर हे एके काळी गिरण्यांचे गाव होते. त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तरीही गिरणीत उमेदीची वर्षे घालविलेले आजोबा पहाटे उठून म्हणतात, “भोंगा झाला, माझा डबा द्या.” अशा वेळी “गिरणी केव्हाच बंद पडली, किती वेळा सांगायचे?” असे नातू म्हणाला, तर त्याचे बोलणे खरेच आहे. परंतु आजोबांना ही वार्ता प्रत्येक वेळी नवी असते आणि तिचे दुःखही नवे असते.

प्रसंग विसरला, तरी भावना मागे उरते. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा रुग्णांना दुःखद व आनंददायक चित्रपटांतील प्रसंग दाखविले. थोड्याच वेळात रुग्ण ते प्रसंग विसरले. मनातील दुःख वा आनंद मात्र टिकून राहिला. म्हणून वाद न घालता, “आजोबा, तुम्ही किती साचे चालवीत होता?” असे विचारावे. ते बोलू लागतील आणि त्यांचे मन शांत होईल.

हा आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. तरी वैद्यकीय सल्ला, ठरलेली दिनचर्या आणि सौम्य बोलणे यांचा उपयोग होतो. आजोबांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी. रात्रंदिवस त्यांची सेवा करणाऱ्या आईलाही विश्रांती हवी असते. तेव्हा रोज अर्धा तास आजोबांजवळ बसणे, हे तुम्हांला सहज करता येण्यासारखे काम आहे.

स्वाध्याय
१. विसरभोळेपणा आणि स्मृतिभ्रंश यांतील फरक सांगा.
२. नातवाचे बोलणे खरे असूनही ते योग्य का नव्हे?
३. वाट चुकलेले वृद्ध गृहस्थ रस्त्यात दिसले, तर तुम्ही काय कराल?