आरंभीची शिल्लक आणि समाकलनाचा स्थिरांक

समाकलनाच्या उत्तरामागे लागणाऱ्या 'सी'बद्दल कलाशाखेच्या पदवीधराने लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला हा 'सी' रोज भेटतो. खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होतात, एवढ्यावरून वर्षअखेरची शिल्लक सांगता येत नाही. वाढ ६००० रुपयांची, हे नक्की. पण आरंभीची शिल्लक किती? ती २००० असेल, तर उत्तर ८०००.

अवकल समीकरणात बदलाचा दर दिलेला असतो, मूळ राशी शोधायची असते. समजा, क्ष बदलताना य ज्या दराने बदलतो तो दर २क्ष आहे. समाकलन केले की य = क्ष² + स. 'सी'ला आपण स म्हणू. स्थिर संख्येच्या बदलाचा दर शून्य असल्याने स कोणताही चालतो; दराला शिल्लक ठाऊकच नसते! आता 'क्ष १ असताना य ३' ही अट घाला. ३ = १ + स, म्हणून स = २ आणि य = क्ष² + २.

आरंभीची किंमत म्हणजेच स, असे मानणे मात्र धोक्याचे. दर 'साइन क्ष' असेल आणि क्ष शून्य असताना य शून्य असेल, तर य = −कोसाइन क्ष + स. शून्याचा कोसाइन १, म्हणून स शून्य नव्हे, १ येतो. अट समीकरणात घालूनच पाहावी.

दोनदा समाकलन असेल तर अटीही दोन लागतात. विहिरीत दगड सेकंदाला ५ मीटर वेगाने खाली फेकला आणि तो २ सेकंदांनी पाण्यावर आपटला. हवेचा रोध सोडून देऊ. वेग बदलण्याचा दर ९.८. पहिल्या समाकलनाने वेग = ९.८ट + ५. येथे ट म्हणजे सेकंद. दुसऱ्याने अंतर = ४.९ट² + ५ट. अंतर हातापासून मोजले, म्हणून दुसरा स्थिरांक शून्य. ट = २ घातल्यावर १९.६ + १० = २९.६ मीटर. तो ५ विसरलात, तर दोर १० मीटर अपुरा पडेल.

ही सरळ रीत उजवीकडे फक्त क्ष किंवा ट असेल तेव्हाच चालते. सतत चक्रवाढीने वाढणाऱ्या ठेवीत वाढीचा दर शिल्लकेवरच अवलंबून असतो, म्हणजे य स्वतःच उजवीकडे येतो. तेथे आधी य एका बाजूला आणि ट दुसऱ्या बाजूला करावा, मग समाकलन. आरंभीची शिल्लक तेथेही लागतेच.