पाण्याचा ताण : रानातली झाडे आणि आपला ऊस



मुंबईच्या कामाला जाता-येता आपणा बहुतेकांना पनवेल लागते. तेथे वर्षाला ३००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. तरी मार्च-एप्रिलमध्ये गोवा रस्त्याने कर्नाळ्याच्या डोंगराकडे पाहावे, तर पुष्कळसे रान उघडेबोडके. पाऊस चार महिन्यांत उरकतो, कातळावर माती थोडी, पाणी खाडीला जाऊन मिळते. पुढे आठ महिने त्या झाडांनाही दुष्काळच म्हणायचा.

मग ती तगतात कशी? मुळांनी ओढलेले बहुतेक पाणी पानांच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन जाते. म्हणून साग, सावर, पांगारा पानेच गाळून टाकतात, खर्चच बंद! कड्याकपारीतल्या निवडुंगाची तऱ्हा निराळी. तो दिवसा छिद्रे मिटतो, रात्री गारव्याला उघडून हवेतला कार्बन वायू घेतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचे अन्न बनवतो. पाणी वाचते, पण वाढ अगदी धिमी. रानातल्या झाडाला ते परवडते. त्याला कुठे टनेज द्यायचे असते?

आपल्याला द्यायचे असते, म्हणून उसाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. उसाच्या पानावर शिरांच्या मधे मोठ्या पेशींच्या ओळी असतात. त्यांतले पाणी उतरले की पानाची सुरळी होते आणि ऊन कमी लागते. दुपारी सुरळी झाली व संध्याकाळी उलगडली, तर घाबरू नये. सकाळी आठ-नऊलाही सुरळी तशीच असेल, तर पीक अडचणीत आहे असे समजावे. छिद्रे मिटली म्हणजे पाण्याबरोबर अन्न बनवणेही थांबते. त्या दिवसांतली कांडी आखूड राहते, आणि एकदा ती जून झाली की मागून कितीही पाणी पाजा, लांबत नाही. तोडणीच्या उसावर जवळजवळ आलेली पेरी मोजा, उन्हाळ्यात किती पाळ्या चुकल्या ते ऊसच सांगेल.

पाणी कमी असेल तेव्हा एक आड एक सरी भिजवावी. रानात गळलेला पाला जमीन झाकतो, तेच काम आपल्याकडे पाचट करते. ते पेटवून देणे म्हणजे अंगावरचे पांघरूण जाळणे. खालची पिकलेली, वाळलेली पानेही काढून सरीत पसरावीत. २ टक्के युरिया व २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश एकत्र करून १५ ते २० दिवसांच्या अंतराने फवारावे. छिद्रांची उघडझाप पालाशावर चालते, म्हणून पोटॅश. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करावी. पाणी मिळाल्यावर पहिली पाळी खोडव्याआधी लहान लागणीला द्यावी, तिची मुळे अजून वरच्या थरातच असतात.