दहा नंबरचा सिग्नल

द्वारका सर्कलपासून काठे गल्लीत शिरलं की एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं वर्कशॉप लागतं. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे मिळतात तिथल्या हॉर्नचा आवाज आमच्या खिडकीपर्यंत येतो. द्राक्षांच्या शीतगृहांत तापमान नोंदवणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. पेटीत एक लहान बोर्ड, त्यावर लिनक्स आणि दर मिनिटाला आकडा पाठवणारा एक प्रोग्रॅम. तीन वर्षं या पेट्या एआरएम प्रोसेसरवर बिनतक्रार चालल्या. मग ते बोर्ड मिळेनासे झाले आणि आम्ही मिप्स प्रोसेसरचे बोर्ड घेतले, जुन्या राउटरमध्ये असतात तसले. सगळा कोड नव्याने कंपाइल केला, टेबलावर दिवसभर चालवून पाहिला आणि फेब्रुवारीत, ऐन हंगामात, दिंडोरीकडच्या एका शीतगृहात अकरा पेट्या बसवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिथल्या सुपरवायझरचा फोन आला. "साहेब, रात्री बारानंतरचं एकही रीडिंग नाही. कोल्ड रूम चालू आहे, पण तुमच्या पेट्या मुक्या झाल्यात." वीज बंद करून चालू केली की पेट्या सुरू व्हायच्या. पुढच्या मध्यरात्री पुन्हा गप्प. निर्यातीचा माल असला की तापमानाची सलग नोंद मागतात. त्या नोंदीत रोज सहा-सात तासांचं भगदाड पडत होतं आणि त्याला जबाबदार मी होतो.

पेटीच्या लॉगमध्ये शेवटची ओळ होती: बस एरर. मिप्सवर काम करणाऱ्या कोणालाही हे दोन शब्द दिसले की पहिला संशय मेमरीवर जातो. चार बाइटचा आकडा चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचला की हा प्रोसेसर अडतो, हे शिकलेलं असतं. मी सेन्सरकडून येणाऱ्या डेटाचं प्रत्येक स्ट्रक्चर तपासलं. मग रॅमवर संशय घेतला, मग पॉवर अडॅप्टरवर. दोन पेट्यांचे बोर्ड बदलले. चार दिवस साप साप म्हणून भुई धोपटली.

आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा होता. तो म्हणाला, "सर, मेमरी खराब असती तर कधीही बंद पडलं असतं. हे बरोबर बारालाच कसं पडतं?" बाराला काय होतं, ते मला माहीत होतं, कारण ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती. मध्यरात्री ती लॉगची फाइल बाजूला ठेवते आणि प्रोग्रॅमला नवी फाइल उघडायला सांगते. सांगण्याची रीत अशी: किल, मग उणे दहा, मग प्रोसेसचा क्रमांक.

एआरएम आणि इंटेलच्या प्रोसेसरवर लिनक्समध्ये १० म्हणजे सिगयूएसआर१, प्रोग्रॅमरला आपल्या कामासाठी मोकळा ठेवलेला सिग्नल. मिप्सवर तो १६ आहे आणि १० म्हणजे सिगबस. माझी स्क्रिप्ट रोज रात्री धडधाकट प्रोग्रॅमला "तुझी मेमरी बिघडली" असा निरोप धाडत होती आणि तो नियमाप्रमाणे मरत होता.

खरं तर पुरावा पहिल्या रात्रीपासून हाताशी होता. सिग्नलसोबत कर्नल एक छोटी चिठ्ठी देतो, सिगइन्फो. त्यात एसआय-कोड नावाचा रकाना असतो. प्रोसेसर खरोखर अडखळला असेल तर तिथे त्या बिघाडाचा प्रकार येतो. कोणी किल चालवून पाठवला असेल तर तिथे एसआय-यूजर असतं आणि शेजारी पाठवणाऱ्याचा प्रोसेस क्रमांकही असतो. प्रोग्रॅमला येणारे सिग्नल दाखवणारं एस-ट्रेस हे साधन लावून रात्री बारापर्यंत बसलो तेव्हा हे एका ओळीत समोर आलं. माझा आग्रह आहे की सेगफॉल्ट असो वा बस एरर, कोडची एक ओळ वाचण्याआधी हा रकाना पाहावा. मात्र ही चिठ्ठी कच्च्या बाइट्समध्ये वाचू नये. मिप्सवर तिच्यातल्या एरर क्रमांकाची आणि या कोडची जागा उलटसुलट आहे.

प्रोग्रॅम मेला तर त्याला परत उठवणारा पहारेकरी प्रोग्रॅमही पेटीत होता. तो का उठला नाही? त्यासाठी मी एक हेडर फाइल केली होती आणि तिच्यात लॅपटॉपवरची सिग्नलची यादी आकड्यांसकट उतरवून घेतली होती. चाइल्ड प्रोसेस संपल्याचं कळवणारा सिगचाइल्ड त्यात १७ होता. मिप्सवर १७ म्हणजे सिगयूएसआर२. माझा पहारेकरी भलत्याच घंटेकडे कान लावून बसला होता. खरी घंटा १८ नंबरची, आणि ती कोणी ऐकली नाही तर कर्नल ती सोडून देतो. सिग्नलची नोंदणी करणाऱ्या कॉलनेही तक्रार केली नाही, कारण १७ हाही तिथे वैध सिग्नल आहे. आकडा चुकीचा असूनही वैध असतो, म्हणून ही चूक इतकी लपून राहते.

हे आकडे वेगळे का, हे समजलं की राग जातो. लिनक्स नव्या प्रोसेसरवर नेणाऱ्यांना त्या यंत्रावरचे आधीचे प्रोग्रॅम चालवायचे होते. मिप्सवर आयरिक्स होतं, म्हणून सिस्टिम फाइव्ह घराण्याचे आकडे आले. अल्फावर ओएसएफ/१ होतं, म्हणून बीएसडीचे आले आणि सिगयूएसआर१ झाला ३०. आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा १९९८ सालचा परम १०००० महासंगणक सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर उभा होता. त्याच स्पार्कवर सोलॅरिसमध्ये सिगयूएसआर१ हा १६, तर लिनक्समध्ये ३०. म्हणजे आकडा प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम या जोडीचा असतो. एकदा तो कर्नलच्या जाहीर हेडरमध्ये गेला की कायमचा. इंटेलवर १६ नंबरवर सिगस्टकफॉल्ट नावाचा सिग्नल आहे. कर्नल तो कधीच पाठवत नाही, तरी त्याची जागा आजही राखलेली आहे.

ज्यांना नव्या प्रोसेसरसाठी सिग्नलची व्याख्या करायची आहे, त्यांनी आपली यादी करायचा मोह टाळावा. कर्नलमध्ये सर्वांसाठी सामाईक हेडर आहे. एआरएम ६४ ने आणि रिस्क-फाइव्हने तेच उचललं. मद्रास आयआयटीचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच असल्याने आपल्याकडे त्यांच्यावर काम करणारी मुलं या जाचातून सुटली आहेत. चीनच्या लूंगसन कंपनीचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. मिप्सच्या वारशाने त्यांच्या जुन्या सिस्टिममध्ये १२८ सिग्नल होते. २०२२ साली त्यांचं नवं लूंगआर्च मूळ कर्नलमध्ये आलं ते सामाईक ६४ घेऊन, आणि जुने प्रोग्रॅम नव्यावर चालवायला मध्ये दुभाषी थर लागला.

आकड्यांपुढेही काम उरतंच. सिग्नल आला की सगळी रजिस्टरं स्टॅकवर जपून ठेवावी लागतात आणि ती किती जागा खातात हे प्रोसेसरच ठरवतो. बऱ्याच ठिकाणी किमान स्टॅक २०४८ बाइटचा, एआरएम ६४ वर ५१२०. कोणी २०४८ हा आकडा हाताने लिहून ठेवला असेल तर त्याचीही एक मध्यरात्र कधीतरी येणार. सिग्नल अडवायचा, सोडायचा की पूर्ण यादी बदलायची, हे सांगणारे ०, १, २ मिप्सवर १, २, ३ आहेत. तिथे २ पाठवून "यादी बदल" म्हणायला जावं, तर कर्नल "सोड" ऐकतो.

आमची दुरुस्ती पाच मिनिटांची होती. स्क्रिप्टमध्ये दहाऐवजी यूएसआर१ लिहिलं, माझी हेडर फाइल पुसून टाकली आणि सिस्टिमची हेडर जोडली. चाचणीची पद्धत मात्र बदलली. आता नवा बोर्ड आला की आम्ही घड्याळ ११.५८ ला लावून मध्यरात्र पार करतो आणि मुद्दाम प्रोग्रॅम मारून पहारेकरी उठतो का ते पाहतो. दिवसभर टेबलावर चाललेल्या त्या पेटीने मध्यरात्र पाहिलीच नव्हती.

१, २, ३, ६, ९, १४ आणि १५ हे आकडे पोझिक्सने किलसाठी बांधून दिले आहेत, ते सगळीकडे तेच. आज काम आटोपण्याआधी आपल्या स्क्रिप्टांत किलपुढचा आकडा शोधा. या सातांतला नसेल तर तिथे सिग्नलचं नाव लिहा.