डायलिसिस फुकट, पण मधुमेह टाळण्याचे काय?

मागच्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका गावातून एक मावशी मुलासोबत माझ्या दवाखान्यात आल्या. साठी ओलांडलेली, पायांवर सूज, दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आलेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होते. जुन्या कागदांच्या पिशवीतून एक चिठ्ठी निघाली, २००६ सालची. उपाशीपोटी साखर ११८. खाली लिहिले होते, "साखर काठावर. गोड कमी करावे." अक्षर माझेच होते.

"मावशी, मग गोड कमी केलं होतं का?" मी विचारले.

"केलं की डॉक्टर. त्या दिवसापास्नं साखर बंद. नुसता गूळच."

आपल्या गुऱ्हाळांच्या मुलखात हे उत्तर नवे नाही. इथे गुळाला औषधाचा मान आहे. पण रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत चमचाभर गूळ आणि चमचाभर साखर यांत सांगण्यासारखा फरक नाही. एवढे समजावून सांगायला मला तेव्हा दोन मिनिटे मिळाली नाहीत. पुढे दहा वर्षे त्यांचे रक्त कोणी तपासले नाही. तपासणीला यायचे म्हणजे एक दिवसाचा खाडा, आणि दुखत तर काहीच नव्हते!

"आता कार्ड हाय म्हणून बरं," मुलगा म्हणाला. ते खरेच आहे. राज्य शासनाची ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये कोल्हापुरासह बाकीच्या जिल्ह्यांत आली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोड झाल्यावर आणि नंतरच्या वाढीमुळे ते आता ५ लाखांवर गेले आहे. त्यातून डायलिसिस होते, अँजिओप्लास्टी होते, बायपासही होते. पूर्वी अशा दुखण्यात घरातले दागिने आणि म्हैस जाताना मी पाहिली आहे. त्यामुळे या योजनेला मी नावे ठेवणार नाही.

मात्र तिची रचना पाहा. ती रुग्णालयातील भरती धरून बांधलेली आहे. ठरावीक उपचारांची यादी आणि प्रत्येकाचा ठरलेला दर. आयुष्मानच्या नियमांत भरतीपूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच काळ येतो. ज्याची उपाशीपोटी साखर १०० ते १२५ च्या दरम्यान आहे, तो काठावरचा माणूस भरती होतच नाही. म्हणून त्याच्यासाठी यादीत ओळ नाही. आहाराचा सल्ला नाही, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी नाही. तोच माणूस पंधरा-वीस वर्षांनी मूत्रपिंडे गमावून आला की लगेच पात्र होतो.

काठावरून माणसाला मागे आणता येते का? येते. चेन्नईत डॉ. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी काठावरच्या ५३१ जणांवर तीन वर्षे अभ्यास केला. तो प्रसिद्ध झाला २००६ मध्येच, म्हणजे मी ती चिठ्ठी लिहिली त्याच साली. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याकडे नियमाने लक्ष पुरवलेल्या गटात हे प्रमाण ३९ होते. म्हणजे साधारण सहा जणांमागे लागले की एकाचा मधुमेह तेवढ्या काळात टळतो. विशेष म्हणजे वजन फारसे न उतरताही हा फायदा दिसला. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच उपयोग झाला, पण ती गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी सुरू करू नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. ती माणसे बहुतांशी मध्यमवर्गीय नोकरदार होती. शिरोलीच्या फौंड्रीत पाळी करणाऱ्याला किंवा उसाच्या फडात राबणाऱ्याला तो फायदा तसाच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट निराळी काढावी लागेल.

अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने २०१८ पासून असे मधुमेह टाळण्याचे वर्ग आपल्या खर्चात घेतले. तरी पहिल्या काही वर्षांत लाभ घेणारे अवघे काही हजार निघाले. विम्याने पैसे मोजले म्हणून माणूस वर्गाला येतोच असे नाही, हेही त्यातून दिसते.

आपल्याकडे प्रतिबंधाचे काम कार्डाबाहेर, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात चालते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा आशाताई एक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला इतिहास यांना गुण असतात. चारपेक्षा जास्त गुण झाले तर तपासणी लवकर करून घ्यावी. बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की गुण चढू लागतात. या तपासणीला कार्ड लागत नाही. पण काठावरच्या माणसाला पुढे कोण धरून ठेवतो? शिबिराला किती आले याचा आकडा छापून येतो, वर्षाने त्यांतले किती परत आले हे कोणी विचारत नाही. माझ्या मते विम्याच्या पैशातला थोडा भाग या परत येण्यासाठी हवा, आणि तोही रविवारी किंवा संध्याकाळी, म्हणजे कोणाचा खाडा पडणार नाही. हिशेब मागायचा तर वर्षानंतरच्या कंबरेचा आणि साखरेचा मागावा.

त्या दिवशी मुलाचीही तपासणी केली. वय ३४, कंबर ९८ सेंटिमीटर, उपाशीपोटी साखर ११२. या वेळी चिठ्ठी लिहून मोकळा झालो नाही. त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवले. दिवसाचे सहा गोड चहा दोनवर आणायचे, तेही गुळाशिवाय. भात निम्मा, त्या जागी जोंधळ्याची भाकरी आणि पालेभाजी. पाळी सुटल्यावर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालायचे. महिन्यातून एका रविवारी मला भेटायचे.

पहिल्या महिन्यात आला. दुसऱ्या महिन्यात आला नाही. गावातल्या आशाताईंना मी सांगितले, त्यांनी दोनदा फोन केला, एकदा घरी जाऊन आल्या. या फेऱ्यांसाठी त्यांना कार्डातून एक पैसाही मिळत नाही. तिसऱ्या महिन्यात तो आईला घेऊनच आला. कंबर दोन सेंटिमीटरने उतरली होती, चहा मात्र अजून तीन कप आहे म्हणाला. साखर वर्ष भरल्यावर पाहायची ठरली आहे. तारीख त्याच्या बायकोने कॅलेंडरवर लिहून घेतली आहे.