जाऊबाईंसोबत कळसूबाई

अगं, आधी जरा शांत बस बघू. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मे महिन्यात कळसूबाईला जाऊ या, आपण दोघीच," तू लगेच हो म्हणालीस आणि आता पोटात गोळा आलाय. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, वर लोखंडी शिड्या, त्यात ऊन. आणि जाऊबाईंसमोर दमलेलं दिसायचं कसं, ही काळजी वेगळीच. खरं सांगू का, सकाळी सगळ्यांचे डबे भरून वेळेत कामावर पोहोचणाऱ्या बाईला बारी गावातून वर जाणारी वाट झेपते. वाट मळलेली आहे. अवघड कातळांवर शिड्या आणि कठडे बसवलेत, दोर लागत नाही. त्रास होतो तो उन्हाचा. म्हणून सगळी तयारी उन्हाची कर, डोंगर आपोआप होईल.

उन्हाची तयारी म्हणजे वेळेची तयारी. सकाळी घरून निघून दहाला डोंगराच्या पायथ्याशी उभं राहायचं, हे मे महिन्यात चालणारच नाही. आदल्या संध्याकाळीच कसाऱ्यापर्यंत लोकलने आणि पुढे घोटीवरून बारीला जा. गावात घरगुती जेवणाची, मुक्कामाची सोय होते, फक्त आधी फोन करून ठरवून ठेव. पहाटे पाचला बॅटरी घेऊन वाटेला लागा. सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तोवर निम्मा घाम वाचलेला असतो. आरामात चढलात तरी तीन-साडेतीन तासांत माथा, उतरायला दोन-अडीच तास. म्हणजे डोक्यावर ऊन यायच्या आत तुम्ही गावात भाकरी खात असाल.

आणि एक नियम घरीच, चहा पिताना ठरवून घ्या. दहा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. वर गेल्यावर हे ठरवता येत नाही गं. समोर शेवटची शिडी दिसत असते आणि "आता एवढ्यासाठी काय परतायचं" असं दोघींनाही वाटतं. पण बारानंतर तेच कठडे हाताला चटके देतात, झाडाची सावली सोंडेवर जवळजवळ नसतेच, आणि मेच्या शेवटाला दुपारी वळवाचे ढग भरून येतात. उघड्या माथ्यावर, लोखंडी शिड्यांच्या शेजारी, वीज कडाडताना थांबायचं नाही. ढग काळे दिसले किंवा गडगडाट ऐकू आला तर दहाचीही वाट पाहू नका, उतरायला लागा.

आता जाऊबाईंचं. बघ, तू घाबरतेस ते तुझ्या दमण्याला. माझं लक्ष त्यांच्याकडे आहे. थोरली बाई स्वतःहून "मला झेपत नाहीये" म्हणत नाही. घरात ताप अंगावर काढायची सवय असते, तीच डोंगरावर घेऊन येतात. म्हणून जिची चाल हळू तिला पुढे ठेवायचं, दुसरीने मागून यायचं. मग पुढचीला धावावं लागत नाही आणि मागचीला सगळं दिसत राहतं. गप्पा मारत चढा. बोलताना वाक्य तुटायला लागलं की चाल जास्त झाली, एवढं साधं माप आहे.

"बरं वाटतंय ना?" असं विचारू नकोस, उत्तर "हो" हेच येणार. त्यापेक्षा त्यांच्या बाटलीकडे बघ. तासाभरात पाणी तसंच दिसलं तर हातात बाटली दे आणि समोर प्यायला लाव. आणि स्पष्टच सांगते, आपण बायका वाटेत लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी टाळतो. उन्हाळी डोंगरावर हा सगळ्यात वाईट हिशोब आहे. बारीत निघण्यापूर्वी जाऊन घ्या, वाटेत लागली तर एकीने ओढणी धरायची, दुसरीने आडोशाला बसायचं. दोघी आहात ते कशासाठी? लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. पाळी येणार असेल तरी बेत मोडू नकोस, पॅड आणि वापरलेलं परत आणायला कागद, जुनी पिशवी एवढं ठेव.

डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले, चक्कर आली, की थांबायचं. सावलीत बसवायचं, बूट सैल करायचे, ओढणी ओली करून मानेवर नि काखेत ठेवायची, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायचं. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे वर नाही, खालीच. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा जवळच्या लोकांना हाक मार, पाण्याने अंग भिजवून वारा घाल, १०८ ला फोन लावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. हे वाचून घाबरू नकोस. पहाटे निघणाऱ्या, पाणी पिणाऱ्या दोघींवर बहुतेक ही वेळ येतच नाही, पण तुला माहीत असलेलं बरं.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. जड वाटेल, वाटू दे. वाटेत गावातली माणसं लिंबू सरबत, ताक विकायला बसतात, जरूर घ्या, चार पैसे त्यांनाही मिळतात. पण त्यांच्या भरवशावर बाटल्या कमी करू नका, मधल्या वारी ती असतीलच असं नाही. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायची, कमी पाण्यात नाही. खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, काकडी, थोडी चिक्की. दहीभात नको, आंबतो. कपडे सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे. टोपी हवीच. आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, त्या दिवशी शिड्यांखाली रांग लागते आणि वेळेचं सगळं गणित बिघडतं.

वाटेत जाऊबाईंना कळसूची गोष्ट विचार, त्यांना माहीत असेल. कोळ्याची पोर, इंदोरे गावच्या पाटलाकडे कामाला राहिली. अट एकच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, बाकी सगळं करीन. एक दिवस पाहुणे फार आले आणि तिला नेमकी तीच कामं करायला लावली. तिने ती केली आणि सरळ डोंगरावर निघून गेली, ती परत आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा, असं गावात सांगतात. माथ्यावरचं छोटं देऊळ तिचंच. मला ही देवी फार आवडते बघ. तिच्या दारात दोन सुना घरचा ओटा एक दिवस दुसऱ्यांवर सोपवून येतात, हे मला अगदी योग्य वाटतं. वर बसून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळखा, भंडारदरा धरणाचं पाणी शोधा. उन्हाळ्यात हवा धुरकट असते, सकाळी लवकर पोहोचलात तर थोडं तरी दिसेल.

खरी कसोटी उतरताना असते. उन्हाळ्यात माती सुकून घसारा होतो, पायाखालून खडे निसटतात. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकवून, आणि उतरायच्या आधी बुटाची नाडी घट्ट बांधा, म्हणजे बोटं पुढे आदळत नाहीत. नखं आदल्या आठवड्यात कापून ठेव. शिडी उतरताना तोंड शिडीकडे, दोन्ही हात मोकळे, मोबाईल सॅकमध्ये. एक पूर्ण उतरली की मगच दुसरीने पाय टाकायचा, खाली उभी असलेली बाजूला सरकून उभी राहील.

आणि पोरांची काळजी सोड. एक दिवस नवरे वरणभात लावतील, उपाशी कोणी राहत नाही. आज संध्याकाळी जाऊबाईंकडे जा, दहाचा नियम त्यांच्या तोंडून कबूल करून घे आणि बारीला मुक्कामाचा फोन लाव.